कशावरून म्हणतोस?

क्युपर्टिनो हे मुळात एका संताच्या गावाचं नाव. इटलीच्या टाचेवर कोपर्तिनो म्हणून गाव आहे, तिथला सतराव्या शतकातला हा जोसेफ. अभ्यासात यथातथाच. आख्यायिका अशी, की परीक्षेला बसला तेव्हा त्याला एकच भाग धड येत होता आणि परीक्षकांनी नेमका तोच विचारला. पुढे तो परीक्षार्थींचा कैवारी संत ठरला. १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा या स्पॅनिश सरदाराची मोहीम सांता क्लारा खोऱ्यातून गेली, तेव्हा इथल्या एका ओढ्याला या संताचं नाव पडलं. ओढा पुढे स्टीव्हन्स क्रीक झाला, संताचं नाव मात्र गावाला राहिलं. १९५५ साली क्युपर्टिनो रीतसर शहर झालं, तोवर इथे जर्दाळू आणि प्रूनच्या बागाच बागा होत्या. परीक्षार्थींच्या संताचं नाव घेतलेलं गाव पुढे खरोखरच परीक्षांचं गाव व्हावं, हा योगायोग कथेत घातला असता तर संपादकाने खोडून टाकला असता.

आज गावाची वस्ती साठ हजारांच्या आसपास. ॲपलचं मुख्यालय इथलं. पण मराठी माणूस इथे घर घेतो तो ॲपलपेक्षा शाळेसाठी. फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या पाच शाळा आहेत: क्युपर्टिनो हाय (१९५८), होमस्टेड (१९६२), लिनब्रुक (१९६५), मोंटा व्हिस्टा (१९६९) आणि सनीवेलमधली, सगळ्यांत जुनी, फ्रीमाँट. यातल्या कुठल्या शाळेच्या हद्दीत घर पडतं यावर त्याची किंमत ठरते, आणि वीस लाख डॉलरमध्ये इथे साधं घरही मिळणं कठीण. २००५ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने लिनब्रुक आणि मोंटा व्हिस्टावर एक लेख छापला होता. इथले गोरे पालक शाळा सोडून चाललेत, कारण गणित-विज्ञानाची शर्यत त्यांना सोसवत नाही, असा त्याचा सूर होता. लेखावर बराच धुरळा उडाला. पण एक खरं, की आपल्या लोकांच्या गप्पांत आजही ‘बीसी कॅल्क्युलस कितवीत घेणार?’ हा प्रश्न जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा ‘इंग्लिशला काय वाचताय?’ हा येत नाही. इंग्लिश काय, पोरं घरीदारी बोलतातच की!

गैरसमज इथेच आहे. इथल्या नववी ते बारावीच्या इंग्लिशच्या वर्गात इंग्लिश शिकवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. व्याकरण पाठ करणं, रिकाम्या जागा भरणं, ‘रीराइट ॲज डायरेक्टेड’ हे सगळं जवळजवळ नाहीच. आपण दहावीला जे केलं, म्हणजे कवितेचं रसग्रहण, ज्यात शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार आणि आवडलेली ओळ असे ठरलेले मुद्दे एकाखाली एक मांडले की गुण पदरात, तसलं काही इथे चालत नाही. त्या रसग्रहणाला मी नावं ठेवणार नाही. त्याच्या जोरावर आपल्यातले कितीतरी जण विमानात बसले. पण त्यात आपल्याला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि वाटलंच तर ते कशावरून, हे तर नाहीच नाही.

कॅलिफोर्नियाची रचना आधी समजून घ्यावी लागते. राज्याच्या कायद्यानुसार पदवीदाखल्याला इंग्लिशची तीन वर्षं पुरतात. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाला चार लागतात आणि या डिस्ट्रिक्टमध्येही चार वर्षांचं इंग्लिश घ्यावं लागतं. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं राज्य मंडळ मंजूर करतं, नववीपासून पुढचं स्थानिक बोर्डाच्या हाती. म्हणजे आपल्या बालभारतीसारखं एक पुस्तक, एका दिवशी एक पेपर आणि सगळ्या राज्याचा एक निकाल असा प्रकार नाही. पदवीसाठीची राज्याची सक्तीची परीक्षा होती, तीही २०१५ साली थांबवली आणि नंतर रद्दच केली. अकरावीत राज्याची एक चाचणी असते, तिच्यावर मुलाची पदवी अडत नाही. ग्रेड ठरतो तो वर्षभराच्या निबंधांवर, चर्चेवर, प्रकल्पांवर, आणि तो देतात वर्गातल्याच बाई किंवा सर. चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात दहावी झालेल्या बापाला ही गोष्ट पचवणं फार जड जातं. पेपर कोण तपासणार हे ज्याच्या त्याच्या माहितीचं असलं, की निकालावर त्याचा विश्वासच बसत नाही.

२०१० साली राज्याने ‘कॉमन कोअर’ ही मानकं स्वीकारली. त्यांत वर्षावर्षाला काय यायला हवं ते लिहिलं आहे, कुठलं पुस्तक वाचायचं ते नाही. एक दंडक लक्षात ठेवण्यासारखा आहे: बारावीपर्यंत पोहोचताना मुलाच्या एकूण शालेय वाचनात, म्हणजे इतिहास-विज्ञान सगळं धरून, सत्तर टक्के माहितीपर मजकूर असावा. त्यावरून साहित्यप्रेमी शिक्षकांनी बरीच ओरड केली होती. तरी प्रत्यक्षात इंग्लिशच्या वर्गात कादंबरी टिकून आहे. शेक्सपिअर, ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, ‘थिंग्ज फॉल अपार्ट’, अकरावीला ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली यादी. अलीकडे तिच्यात झुंपा लाहिरी आणि खालेद हुसैनी आले.

आता वर्गात काय चालतं ते पाहू, कारण सगळं मर्म एका परिच्छेदात आहे.

समजा गॅट्स्बी चाललंय. मुलगा लिहितो, ‘गॅट्स्बीचं डेझीवर खूप प्रेम आहे.’ आपल्याकडे याला बरोबरची खूण मिळाली असती. इथे समासात प्रश्न येतो: कशावरून? मुलगा सांगतो, त्याने तिच्या घरासमोर खाडीपलीकडे बंगला घेतला. ठीक, हा पुरावा झाला. पण या पुराव्याने प्रेमच सिद्ध होतं का? की हट्ट? मग पुढे तो प्रसंग येतो, ज्यात गॅट्स्बी तिला आपले उंची शर्ट एकामागून एक काढून दाखवतो आणि ती त्या ढिगात तोंड खुपसून रडते. शर्ट कशाला दाखवले? रडली ती कशासाठी? वर्गात दोन तट पडतात. आठवड्याभराने त्याच मुलाचं विधान बदललेलं असतं: गॅट्स्बीला डेझीपेक्षा, डेझी मिळाल्यावर आपण जे होऊ ते जास्त हवंय. आता या वाक्याशी कोणी भांडू शकतं, म्हणून ते चांगलं विधान. ज्याच्याशी कोणाचंच भांडण होऊ शकत नाही, त्याला इथे मुद्दा म्हणत नाहीत.

यानंतर साचा ठरलेला: आधी विधान, मग मूळ मजकुरातला नेमका तुकडा पान क्रमांकासह, आणि मग त्या तुकड्याचा आणि विधानाचा संबंध उलगडणारी दोन-चार वाक्यं. तिसरा भाग सगळ्यांत अवघड. उतारा चिकटवणं कोणालाही जमतं. पण ‘यातला हाच शब्द का?’ आणि ‘बरं, मग?’ या दोन प्रश्नांना उत्तर देताना चांगल्या चांगल्या मुलांची दमछाक होते. गणितात शंभर टक्के घेणारं पोर पहिल्या निबंधाला बी-मायनस घेऊन घरी येतं ते याच जागी. घरी त्याला सांगितलं जातं, की बाईंना तुझं इंग्लिश आवडलं नसेल, जरा मोठे शब्द वापर. सल्ला साफ चुकीचा. त्याच्या इंग्लिशला काहीही झालेलं नसतं, त्याने फक्त गोष्टीचा सारांश लिहिलेला असतो.

दुसरी अडचण बोलण्याची. सॉक्रेटिक सेमिनार नावाचा प्रकार असतो. मुलं गोल बसतात, शिक्षक गप्प राहून नोंदी करतात, आणि मुलांनी पुस्तकावर एकमेकांशी बोलायचं. हात वर करायचा नाही, आधीच्याचं म्हणणं पकडून पुढे न्यायचं किंवा खोडायचं. ‘विचारल्याशिवाय बोलू नये’ या वळणात वाढलेली आपली मुलं इथे मागे पडतात. पुण्यामुंबईहून नववी-दहावीत इथे आलेली तर हमखास. त्यांचं वाचन कमी नसतं. कोणी नाव घेऊन विचारेल याची ती वाट पाहत बसतात आणि तास संपतो.

पुस्तकांची निवड पाहिली तर या खोऱ्याला एक लेखक अगदी घरचा आहे. जॉन स्टाइनबेक. जन्म सॅलिनासचा, पण १९३६ नंतरची काही वर्षं तो लॉस गॅटोसच्या परिसरात राहत होता. क्युपर्टिनोहून मोटारीने पंधरा-वीस मिनिटं. ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) तिथे पुरी झाली, ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ (१९३९) त्याने तिथेच लिहिली. ओक्लाहोमाच्या दुष्काळातून उठून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांवर मजुरीला आलेलं कुटुंब, एका कामाला दहा माणसं जमवून मजुरी पाडणारे मळेवाले, तंबूंच्या वस्त्या. पुस्तक निघालं त्याच वर्षी कर्न काउंटीने ते आपल्या शाळांतून आणि वाचनालयांतून हद्दपार केलं, पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. क्युपर्टिनोतला सोळा वर्षांचा मराठी मुलगा हे वाचतो तेव्हा त्याला ते फार जुनं आणि परकं वाटतं. ज्या जमिनीवर त्याची शाळा उभी आहे ती अशाच बागांची होती, हे त्याला कोणी सांगितलं तर थोडं जवळ येतं. आणि त्याच्या बापाने बीड-पाटोद्याकडून दिवाळीनंतर निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची गोष्ट सांगितली, मुकादम, उचल, कोपी, फडावर आईबापांबरोबर राहिल्याने बुडणारी शाळा हे सगळं, तर त्याच्या निबंधाला जो मुद्दा सुचेल तो वर्गात दुसऱ्या कोणाला सुचणार नाही. ही गोष्ट सांगता येणारा माणूस घरातच बसलेला असतो. पण पोराचा निबंध कशावर आहे, हेच त्याला ठाऊक नसतं.

हुसैनीची गोष्ट याच खोऱ्यातली. १९८० साली अफगाणिस्तानातल्या उलथापालथीमुळे त्याच्या कुटुंबाने सॅन होजेत आश्रय घेतला, तेव्हा त्याला इंग्लिश जवळजवळ येत नव्हतं. तिथल्याच इंडिपेन्डन्स हायस्कूलमधून तो १९८४ साली बाहेर पडला, डॉक्टर झाला, आणि २००३ साली त्याची ‘द काइट रनर’ प्रसिद्ध झाली. आणखी एक पुस्तक कॅलिफोर्नियाच्या शाळांत बरंच वाचलं जातं, ‘फेअरवेल टू मॅन्झनार’ (१९७३). दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं त्याची ती आठवण. या खोऱ्यातल्या बागांवर राबणारी जपानी कुटुंबंही १९४२ साली अशीच उचलली गेली. पुढे केंद्रात मंत्री झालेले सॅन होजेचे नॉर्मन मिनेटा लहानपणी वायोमिंगच्या हार्ट माउंटन छावणीत होते. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं उभं असलेल्या घरातल्या मुलाने हे पुस्तक वाचावं, यासाठी वेगळं कारण द्यायची गरज नाही.

अकरावीत मग ‘एपी’, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं इंग्लिश, येतं आणि इथे मात्र आपले पालक खडबडून जागे होतात. कारण परीक्षा आली! ‘एपी इंग्लिश लँग्वेज’ मे महिन्यात असते. आधी तासाभरात पंचेचाळीस बहुपर्यायी प्रश्न. मग सव्वादोन तासांत तीन निबंध: पहिल्यात सहा-सात वेगवेगळे मजकूर देतात, त्यातले किमान तीन वापरून आपली बाजू मांडायची, दुसऱ्यात एखाद्या भाषणाची किंवा पत्राची चिरफाड करायची, बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला कसं वळवलं ते दाखवायचं, तिसऱ्यात सरळ वाद. प्रत्येक निबंधाला सहा गुण: विधानाला एक, पुरावा आणि उलगड्याला चार, आणि शेवटचा एक प्रगल्भतेला. बारावीची ‘एपी लिटरेचर’ याच वळणाची, पण कविता-कथांवर. भाषाशुद्धीला वेगळा गुण नाही, हे सांगितलं की आपल्या लोकांना धक्का बसतो. एपीचा ग्रेड कॅलिफोर्निया विद्यापीठ एक गुण वाढवून धरतं, म्हणून एपी घ्यायचंच, असा हिशेब होतो आणि पुस्तकं बाजूला पडतात.

या पद्धतीचं फार कौतुक करण्याचंही कारण नाही. विधान-पुरावा-उलगडा हा साचा मूळचा कच्च्या मुलांना हात देण्यासाठी. सॅन दिएगोच्या जेन शाफर या शिक्षिकेने तर एका पुराव्याला उलगड्याची दोन वाक्यं असा हिशेबच घालून दिला आणि तो देशभर पसरला. चार वर्षं त्याच साच्यात घालून काढलं की चांगला लिहिणारा मुलगाही ठोकळे पाडायला लागतो. आपल्या निबंधातला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ निदान ओला तरी असायचा. या मुलांना कवितेत बसून राहता येत नाही. दुसऱ्याच ओळीला त्यांचा हात पुराव्यासाठी पेन्सिल शोधतो. आपण नवनीत वापरलं, यांच्याकडे १९९९ पासून स्पार्कनोट्स आहे. पुस्तक न वाचता पुस्तकावर मत असणं ही कला दोन्ही पिढ्यांनी सारखीच साधली.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि हा साचा उघडा पडला, कारण ठोकळे तेही पाडतं, आणि बरे पाडतं. परिणाम गमतीचा झाला. जगाला संगणक देणाऱ्या या खोऱ्यात इंग्लिशचे शिक्षक पुन्हा वर्गात, समोर बसवून, कागदावर पेनाने निबंध लिहून घ्यायला लागले. ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत काम करणारे आईबाप रात्री मुलाला विचारतात, ‘हे तूच लिहिलंस ना?’

होमस्टेडचा सगळ्यांत प्रसिद्ध विद्यार्थी स्टीव्ह जॉब्ज, १९७२ चा. त्याने तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग केला, हे आपले लोक मुलांना आवर्जून सांगतात. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत शेक्सपिअर आणि प्लेटो वाचू लागलो, ‘किंग लिअर’ फार आवडलं, हेही त्याने चरित्रकार वॉल्टर आयझॅक्सनला सांगितलं होतं. ते कोणी सांगत नाही.

आता घर. शाळेत नाव घालताना एक फॉर्म भरावा लागतो: मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोलायला शिकलं, घरी कुठली बोलतं, तुम्ही त्याच्याशी कुठली बोलता. तिथे ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्लिशची प्राथमिक चाचणी होते. पूर्वी ती दुसऱ्या नावाची होती, २०१८-१९ पासून तिला ईएलपॅक म्हणतात. त्यात पास झालं तर प्रश्न मिटला, नाहीतर ‘इंग्लिश शिकणारा’ असा शेरा लागतो आणि पुढे दरवर्षी चाचणी. म्हणून व्हॉट्सॲपवर सल्ला फिरतो: ‘सरळ इंग्लिश लिहून टाका.’ पाच वर्षांच्या मुलाच्या शाळेतल्या पहिल्याच कागदावर आपण खोटं लिहितो. गंमत म्हणजे तेच मूल पुढे रविवारच्या मराठी शाळेत जातं, आणि बारावीत राज्याची द्विभाषिकत्वाची मोहोर, जी २०१२ पासून पदवीदाखल्यावर मिळते, ती मराठीसाठी हवी म्हणून तेच पालक धावपळ करतात. त्या मोहोरेची एक अट इंग्लिशवरचं प्रभुत्व दाखवण्याचीच आहे.

पण फॉर्मपेक्षा मोठी अडचण जेवणाच्या टेबलावर येते. शाळेत दिवसभर ‘कशावरून?’ विचारायला शिकलेलं पोर तोच प्रश्न घरी विचारतं. मेडिकललाच का जायचं? अमक्या जातीतच लग्न का? आजोबा म्हणतात ते खरं कशावरून? आणि त्याला उत्तर मिळतं, ‘उलट बोलू नकोस.’ हे अमेरिकेने बिघडवलं असं मानणाऱ्यांनी आपली परंपरा जरा तपासावी. कॉमन कोअर सांगतं की समोरच्याचं म्हणणं आधी प्रामाणिकपणे मांडा, मग खोडा. आपल्या शास्त्रीपंडितांनी यालाच पूर्वपक्ष म्हटलं होतं आणि तो नीट न मांडणाऱ्याला वादाला उभं केलं नसतं. जोतिरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा सरकारी खात्यांचा कारभार, करांचं ओझं, शेतकऱ्याचा घरखर्च असा पुरावा मांडत मांडत मुद्दा पुढे नेला होता. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तो घराघरांत ‘का?’ विचारता यावं म्हणूनच. त्यांच्या नावाने अमेरिकेतल्या मराठी अधिवेशनांत व्याख्यानं ठेवायची आणि पोरीने दोन प्रश्न विचारले की तोंड फिरवायचं, हे काही जुळत नाही.

ज्या मुलांना घरी हा प्रश्न विचारता येत नाही, ती शाळेच्या वर्तमानपत्रात विचारतात. मोंटा व्हिस्टाचं ‘एल एस्टोक’, लिनब्रुकचं ‘द एपिक’, होमस्टेडचं ‘द एपिटाफ’, क्युपर्टिनो हायचं ‘द प्रॉस्पेक्टर’. १९८८ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्याध्यापकांना शालेय वर्तमानपत्रांवर कात्री चालवण्याची मुभा दिली, पण कॅलिफोर्नियाने त्याच्या आधीच कायदा करून विद्यार्थी-पत्रकारांना संरक्षण दिलं होतं. परीक्षांचा ताण, कॉपी, आईबापांच्या अपेक्षा यांवर या गावात जे लिहायला हवं, ते यांतली मुलं लिहितात. आपल्या गावाबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर ही पत्रं वाचावीत असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि बारावीच्या नोव्हेंबरात हिशेब चुकता होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने एसएटीचे गुण पाहणंच बंद केलं आहे. उरले ग्रेड आणि निबंध: आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त साडेतीनशे शब्द. बाहेरच्या कॉलेजांसाठीच्या सामायिक अर्जात आणखी एक, साडेसहाशे शब्दांचा. ज्या विषयाकडे तीन वर्षं ढुंकून पाहिलं नाही, त्याच्यासाठी मग तासाला शेकडो डॉलर घेणारे सल्लागार शोधले जातात. त्यांच्या हाताखालून गेलेला निबंध इतका गुळगुळीत होतो की त्यात मूल सापडत नाही. माझ्या मते हा पैसा वाया जातो; स्वतःबद्दल एक वादग्रस्त विधान करून ते पुराव्यानिशी टिकवायचं हे कसब नववीपासूनच्या परिच्छेदांतच आलेलं असतं, नाहीतर नसतंच.

शाळा सुरू झाली की महिन्याभरात ‘बॅक टू स्कूल नाइट’ असते. पालकांनी मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन वर्गावर्गातून फिरायचं, प्रत्येक विषयाला दहाएक मिनिटं. गणिताच्या सरांभोवती घोळका असतो. पुढच्या वेळी इंग्लिशच्या बाईंना गाठा आणि यंदा कुठली पुस्तकं आहेत एवढं लिहून घ्या. टोरे ॲव्हेन्यूवरच्या लायब्ररीत ती फुकट मिळतात. त्यांतलं एक थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वाचून काढा, आणि मग मुलाला त्याचं म्हणणं विचारा. ग्रेड विचारू नका, तो पोर्टलवर दिसतोच.